दहा व्होल्ट, मधे वजा

"पिन बसते ना? मग चालेल की," दुकानदार म्हणाला आणि अडॅप्टर पिशवीत टाकायलाही लागला.

"अंगठी बोटात बसली म्हणून लग्न ठरत नसतं," शेजारून कुणीतरी म्हणालं.

वेलांटीनं वळून पाहिलं. सोल्डरिंगच्या तारेचं रीळ हातात घेऊन एक जण उभा होता. उंच, किंचित वाकलेला, खिशात दोन टेस्टर आणि अंगठ्याला पट्टी. आपण हे मोठ्यानं बोललो याचा त्यालाच धक्का बसलेला दिसत होता.

"म्हणजे — मी अडॅप्टरबद्दल म्हणत होतो," तो घाईनं म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत. मी अंगठीबद्दल समजत होते."

"आला मीटर," दुकानदार कपाळाला हात लावत म्हणाला. "बाई, आता तुमची खरेदी झाली म्हणून समजा. हा माणूस चहासुद्धा मोजून पितो."

मीटरनं ते कानावरच घेतलं नाही. त्याची नजर वेलांटीच्या कापडी पिशवीतून डोकावणाऱ्या करड्या खेळयंत्रावर खिळली होती. जुनं यंत्र, मोठाली बटणं, एका बाजूला घासून गेलेला रंग. लहान मूल दिसलं की काही माणसांचा चेहरा बदलतो ना, तसा त्याचा बदलला.

"बघू?" त्यानं विचारलं.

तिनं पिशवी पुढे केली. त्यानं यंत्र दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं आणि तळाशी कोरलेली बारीक अक्षरं वाचू लागला. ओठ हलत होते. परक्या लिपीतल्या मजकुरात त्याला काय कळत होतं देव जाणे, पण आकड्यांपाशी तो थांबला.

"दहा व्होल्ट. तुम्ही घेताय तो बारा व्होल्टचा आहे. शिवाय — शिवाय बरंच काही. हे आज लावू नका. कृपा करून लावू नका."

त्या 'कृपा करून'मध्ये इतकी काकुळती होती, की वेलांटीला हसू आलं. नंतर हसल्याची लाजही वाटली, कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. यंत्र आत्याचं होतं. आत्या तरुणपणी तीन वर्षं परदेशात नर्स होती आणि परतताना आठ वर्षांच्या भाचीसाठी म्हणून हे घेऊन आली होती. भाचीला ते आठवड्यातून अर्धा तास मिळायचं. बाकीचा वेळ आत्याच खेळायची, आणि वर "तुला शिकवण्यासाठी सराव करतेय" म्हणायची. वेलांटी कॉलेजसाठी या शहरात आली ती आत्याकडेच राहिली आणि नोकरी लागल्यावरही तिथून हलली नाही. यंत्रही हललं नव्हतं.

आता आत्याला काचबिंदू झाला होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याची एक बाजू कमी झालेली. तीन आठवड्यांनी ऑपरेशन होतं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती वाचवू, असं डॉक्टर म्हणाले होते, पण किती वाचेल ते सांगायला तयार नव्हते. त्या दिवशी घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाली होती, "तेवढा शेवटचा दिवा लावून घेतला असता तर बरं झालं असतं." खेळातला दिवा. बावीस वर्षांत तिला तो एकदाही लावता आला नव्हता.

हे सगळं वेलांटीनं त्या अनोळखी माणसाला दुकानाच्या काउंटरपाशीच सांगून टाकलं. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. तो ऐकतच असा होता, की सांगावंसं वाटावं.

"माझं दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे," तो म्हणाला. "जिना जरा — अंधारा आहे. पण काम उजेडात करतो."

मीटरचं दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा आणि सगळ्या भिंतीभर खण. दारावर पाटी होती: 'जुने यंत्र दूरूस्ति'. वेलांटी दारातच थबकली.

"काय झालं?" मीटरनं विचारलं.

"काही नाही. मला जरा वेळ द्या," ती म्हणाली. "तीन चुका एका शब्दात आहेत. मला सवय व्हायला हवी."

ती पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात प्रूफं वाचायची. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी तिचं नाव वेलांटी ठेवलं होतं. ते घरीही पोचलं. आता तर शेजारच्या काकूही तिला त्याच नावानं हाक मारत. मीटरनं तिचं नाव ऐकलं, पाटीकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

मग त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं आणि समजावून सांगायला बसला. कामाचं बोलायला लागला की त्याचं अडखळणं कुठल्या कुठे पळून जायचं, हे तिच्या लक्षात आलं.

"हे ज्या देशातून आलं तिथल्या भिंतीत शंभर व्होल्ट असतात. आपल्याकडे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. मग इतकी वर्षं चालत कसं होतं?"

"एक जड लोखंडी डबा होता. मधे लावायचा. गेल्या महिन्यात तो गुणगुणायला लागला आणि मग त्यातून वास यायला लागला. आत्यानं डबा आणि जुना अडॅप्टर, दोन्ही भंगारात देऊन टाकले."

"बरं केलं. डबा नकोच. आपल्याच भिंतीत लागेल आणि पलीकडे बरोबर दहा व्होल्ट देईल असा नवा अडॅप्टर घ्यायचा. डीसी. व्होल्ट तंतोतंत हवेत, अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात."

"ते का? जास्त म्हणजे जास्तच ना?"

"टाकी मोठी असली म्हणून नळाखालचा पेला मोठा होतो का? यंत्र लागेल तेवढंच घेतं. कमी असले तर मात्र अडॅप्टर तापतो." त्यानं एक पिन भिंगाखाली धरली. "आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ह्या पिनेला आतलं भोक आहे आणि बाहेरची नळी. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांचं आत अधिक, बाहेर वजा. तुमच्या यंत्राला उलटं लागतं. मधे वजा, बाहेर अधिक. दिसायला दोन्ही सारखेच. बसतात दोन्ही. उलटा लावला तर मात्र…"

"तर?"

"तर मी असं कधी होऊ दिलेलं नाही," तो म्हणाला. फुशारकी नव्हती. "बारा वर्षं झाली. मोजल्याशिवाय माझ्याकडून एकही वस्तू बाहेर गेलेली नाही. लोक हसतात. हसू देत."

वेलांटी हसली नाही. ती स्वतः एकच पान तीनदा वाचणारी. तिला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासारखं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

"आमची आत्या नेमकी उलटी," ती म्हणाली. "बाहेर वजा, आत अधिक."

"आणि तुम्ही?"

प्रश्न विचारून झाल्यावर त्यानं लगेच खाली बघून स्क्रू शोधायला घेतला. स्क्रू टेबलावरच होता, त्याच्या कोपराशी.

"मोजून बघावं लागेल," वेलांटी म्हणाली, आणि हे आपणच बोललो का, असा तिला प्रश्न पडला.

चांगला अडॅप्टर मिळायला आठ दिवस लागणार होते. स्वस्तातला घेतला तर आत काय भरलंय त्याचा पत्ता नसतो, म्हणून तो एका ओळखीच्या माणसाकडूनच मागवायचा. या आठ दिवसांत वेलांटीला छापखान्यातून सुटल्यावर त्या गल्लीतून जायची सवय लागली. गल्ली वाटेवर नव्हती हा भाग वेगळा.

दुसऱ्याच दिवशी तिनं खणांमधले अडॅप्टर पाहिले. चाळीसेक असतील. प्रत्येकाला दोऱ्यानं एक कागदाचा तुकडा बांधलेला आणि त्यावर मीटरचं अक्षर. अक्षर कसलं, मुंग्यांची रांग. शिवाय तो बोलताना जसा अडखळायचा तसाच लिहिताना. जिथे तिथे रेघा. 'रेडिओचा – जुना – चालतो –' किंवा '– ९ व्हो. – वायर तुटकी – बघणे'.

"हे मी नीट करून देऊ का?" तिनं विचारलं. "आमच्याकडे चिकटणारा कागद आहे. छान छापून आणते. पाटीसुद्धा नवी करते. तुम्ही माझ्या यंत्राचं बघताय, मी तुमच्या शब्दांचं बघते."

"इतकं वाईट आहे?"

"'कीबोर्ड'मध्ये तुम्ही वेलांटी विसरलात."

"वेलांटी विसरणं आता अवघड आहे," मीटर म्हणाला. त्या दिवशी तिला घरी परत जाताना कोपऱ्यावर वळायचं लक्षात राहिलं नाही, ती सरळच चालत गेली.

तिनं सगळ्या चिठ्ठ्या उतरवून घेतल्या, छापखान्यात दुपारच्या सुट्टीत बसून मजकूर तयार केला. शुद्धलेखन सुधारलं, 'व्हो.'चं 'व्होल्ट' केलं आणि अर्थात सगळ्या रेघा काढून टाकल्या. गरज नसलेली रेघ दिसली की तिचा हात शिवशिवायचा. शनिवारी दोघांनी मिळून लेबलं चिकटवली. तो जुनी चिठ्ठी सोडायचा, ती नवं लेबल लावायची. तिनं त्याला छापखान्यातली पद्धत सांगितली. तिथे एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवून बघायचं.

"म्हणजे एकटा माणूस चुकतो असं धरूनच चालायचं?" मीटरनं विचारलं.

"एकट्याला आपलीच चूक दिसत नाही."

"हं," तो म्हणाला. जुन्या चिठ्ठ्यांचा ढीग झाला होता, तो केराच्या डब्यात टाकायला त्यानं उचलला तेव्हा वेलांटी म्हणाली, "राहू द्या, मी टाकते." आणि तिनं त्या पाकिटात घालून आपल्या पर्समध्ये ठेवल्या. कुणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. मुंग्यांची रांग असली तरी ती त्याच्या हातची होती.

तिचा अडॅप्टर आला, मीटरनं तो दोन तास चालवून तापतो का ते पाहिलं, मोजला आणि चिठ्ठी बांधून खणात ठेवला. वेलांटीनं त्यालाही छापील लेबल लावलं आणि ती चिठ्ठीही आपल्या पाकिटात टाकली. सोमवारी ती घ्यायला गेली. त्यानं खण उघडला. 'दहा व्होल्ट, एक अँपिअर', असं स्वच्छ छापलेलं लेबल असलेला काळा अडॅप्टर काढला, सवयीनं मोजायच्या मीटरकडे हात नेला…

"वाचता येतंय ना नीट?" वेलांटीनं विचारलं. ती टेबलाला टेकून उभी होती, पिवळ्या कुडत्यात, भिंगाच्या दिव्याचा उजेड गालावर.

"सुरेख," तो म्हणाला. लेबलाकडे बघून म्हणाला की आणखी कशाकडे, ते विचारू नका. त्याचा मीटरकडे गेलेला हात तसाच परत आला आणि त्यानं अडॅप्टर तिच्या ओंजळीत ठेवला.

घरी आत्या तयारच होती. चष्मा पुसून, उशी पाठीशी घेऊन, टीव्हीसमोर दोन हातांच्या अंतरावर बसलेली.

"तुझ्या मीटरनं फार दिवस लावले बाई," ती म्हणाली. "एवढ्यात आम्ही अख्खा वॉर्ड हलवायचो."

"माझा मीटर कसला, आत्या. आणि तो काळजीपूर्वक काम करतो."

"हो का. रोज तासभर काळजी करायला जातेस तेव्हा दिसते मला. डोळे गेलेत, अक्कल नाही गेली."

वेलांटीनं अडॅप्टर भिंतीत लावला, पिन यंत्रात बसवली. मस्त बसली. आत्यानं स्वतःच्या हातानं बटण सरकवलं.

टिक.

एवढाच आवाज. यंत्रावरचा लाल दिवा लागला नाही. टीव्हीवर काहीच नाही. वेलांटीनं झटकन पिन उपटली.

"लागलं का गं?" आत्यानं विचारलं. "मला दिसत नाहीये की लागलंच नाहीये?"

वेलांटीनं यंत्र उलटं केलं. आकड्यांशेजारी एक चित्र होतं: वर्तुळ, मधे ठिपका, आणि ठिपक्यापासून निघालेल्या रेषेच्या टोकाशी आडवी खूण. वजा. छोटीशी आडवी रेघ.

रेघ.

तिनं पर्स उपडी केली. पाकिटातल्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. 'कबोर्डचा' अशी वेलांटी नसलेली चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलं होतं, '१० व्हो. १ अँ.' आणि नवी चिठ्ठी, '– १० व्हो. १ अँ.' बाकी सगळ्या रेघा त्याच्या अडखळण्याच्या होत्या. आकड्याच्या आधीच्या रेघा मात्र अडखळणं नव्हतं. ज्याच्या मधे वजा, त्याच्याच आधी रेघ. बाकीचे नेहमीचे, म्हणून त्यांना काहीच खूण नाही. आणि तिनं सगळ्या रेघा सरसकट पुसून दोन वेगळ्या अडॅप्टरांना एकच लेबल छापलं होतं. सुवाच्य, शुद्ध, नि साफ चूक.

"जाऊ दे गं," आत्या म्हणाली. तिनं खेळायचा बटणांचा कंट्रोलर हळूच मांडीवरून खाली ठेवला. "डोळ्यांना तेवढाच आराम. नाहीतरी म्हातारपणी कसले खेळ."

आत्यानं टोमणा मारला असता तर वेलांटीला सोसलं असतं. हे तिला सोसेना. तिनं चपला अडकवल्या आणि पळत सुटली.

मीटर दुकानाचं शटर ओढायच्या बेतात होता. तिचा चेहरा बघून त्यानं ते अर्ध्यावरच सोडलं.

"मी जाळलं," ती धापा टाकत म्हणाली. "आत्याचं यंत्र मी जाळलं. रेघा वजाच्या होत्या आणि मी त्या काढल्या. मला वाटलं तुम्ही असंच लिहिता. बारा वर्षांत तुमच्याकडून काही बिघडलं नव्हतं, आणि मी आठ दिवसांत—"

मीटर तिच्या हातातल्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चूक तुमची नाही," तो शेवटी म्हणाला. "मी मोजलं नाही."

"काय?"

"देताना. मी मोजलं नाही."

आणि मग वेलांटीचा असा काही भडका उडाला, की तिची तिलाच कल्पना नव्हती. "मोजलं नाहीस? तू? चहा मोजून पितोस आणि हे मोजलं नाहीस? का नाही मोजलंस?"

"कारण लेबल तू लावलं होतंस," मीटर म्हणाला.

जिन्यावरून कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन वर गेलं, तरी दोघं तिथेच उभे. मग मीटरनं आत जाऊन हत्यारांची पेटी उचलली, खणातला दहा व्होल्टचा दुसरा अडॅप्टर घेतला, मीटर गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "चल."

आत्याच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं यंत्र उघडलं. आत्या समोर बसून त्याला न्याहाळत होती, म्हणजे डोकं तिरकं करून, जेवढं दिसतंय तेवढ्यात त्याला बसवत.

"बोटं स्थिर आहेत," तिनं शेरा मारला. "सुई द्यायला चांगला झाला असतास."

तो हसला नाही. मीटरच्या दोन सुया त्यानं आत एका ठिकाणी टेकवल्या. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू होती ती. मग दुसऱ्या ठिकाणी, मग तिसऱ्या. तिसऱ्या ठिकाणी मीटर वाजला, चौथ्याही.

"फ्यूज गेला," तो म्हणाला. "बाकी सगळं ठीक आहे. उलटा झटका आला की आधी हा जातो, म्हणजे बाकीचे वाचतात. ह्याचं कामच ते."

वेलांटीचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खुर्चीवर बसली, आणि मग रडायला लागली. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, लढाई जिंकल्यावर कोण रडतं?" आत्याचा आवाजही जरा ओलाच होता.

त्यानं फ्यूज बदलला. धूर निघाला, तारेचा वास पसरला, आणि एक लहानसा चकचकीत थेंब घट्ट झाला. मग तो अडॅप्टर हातात घेऊन थांबला.

"आता तुमच्या छापखान्याच्या पद्धतीनं," तो म्हणाला. "मी यंत्राच्या तळाचं वाचतो. तू मीटरवर बघ."

तिनं डोळे पुसले आणि मीटर हातात घेतला. काळी सुई बाहेरच्या नळीला, लाल सुई आतल्या भोकात.

"व्होल्ट दहा," त्यानं वाचलं.

"दहा पूर्णांक दोन."

"चालेल. मधे वजा."

तिनं आकड्याच्या आधी बघितलं. तिथे होती. आडवी, काळी, स्पष्ट. आयुष्यात कुठल्याही रेघेकडे तिनं इतक्या प्रेमानं बघितलं नसेल.

"मधे वजा," ती म्हणाली. मग दुसरा अडॅप्टर मोजला, त्याच्या आकड्याआधी काही नव्हतं. तो मीटरनं लगेच पेटीत बंद केला.

लाल दिवा लागला. टीव्हीवर ओबडधोबड रंगांचं एक गाव उगवलं आणि किनऱ्या आवाजात गाणं सुरू झालं. आत्या लहान पोरीसारखी हसली.

खेळ साधा होता. शिडी घेतलेला एक म्हातारा गावभर फिरून दिवे लावतो आणि वारा त्यांना विझवत येतो. शेवटी बंदर, आणि बंदरावर एकवीस दिवे. आत्या विसापर्यंत बिनचूक जायची. पण आता पडद्याची डावी कड तिला दिसतच नव्हती, आणि वारा नेमका तिकडून यायचा. पहिल्या संध्याकाळी ती चौदाव्या दिव्यावर हरली. दुसऱ्या संध्याकाळी मीटर पुन्हा आला. अडॅप्टर तापतोय का ते बघायला, असं म्हणाला. तिसऱ्या संध्याकाळी त्यानं कारणही दिलं नाही. तो आत्याच्या डावीकडे बसायचा आणि वारा दिसला की सांगायचा. वेलांटी उजवीकडे शिड्या सांगायची. दोघं आत्याच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघायचे, आणि त्या नादात आत्या दोनदा हरली.

"खेळाकडे बघा," आत्या म्हणायची. "एकमेकांकडे बघायला आयुष्य पडलंय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, तिनं एकविसावा दिवा लावला. बंदर उजळलं. पडद्यावर परक्या लिपीत काहीतरी मोठं आलं. आत्या हात जोडून बघत बसली. पाच सेकंदांनी पडदा काळा झाला आणि तेच गाव पुन्हा उगवलं, कोपऱ्यात '२' असा आकडा, आणि वारा दुप्पट वेगानं.

"म्हणजे अजून आहे?" आत्या म्हणाली. "मेल्यांनी बावीस वर्षं फसवलं मला." आणि ती इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर झाली. "उद्या हिच्यापाशी कुणीतरी थांबायला हवं. ही एकटी असली की डॉक्टरांच्या तोंडावर नसलेलंही वाचते."

"मी थांबेन," मीटर म्हणाला. एका दमात.

दुसऱ्या दिवशी ते दोघं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. पाढे म्हणावेत तसं वेलांटी भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती. त्या सूचनेत तीन चुका होत्या, पण आज तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"तिला दिसलं नाही तर?" ती म्हणाली.

"तर तू वाचून दाखव. मी वाऱ्याचं सांगेन," तो म्हणाला. मग थोडा थांबला. "मला तू आवडतेस. फार आवडतेस. आज सांगायची वेळ नाही हे मला कळतं. पण रोजच काहीतरी कारण निघतं आणि सांगायचं राहून जातं. आज राहू द्यायचं नाही असं ठरवून आलोय."

वेलांटीनं त्याच्याकडे बघितलं. अंगठ्याची पट्टी निघाली होती, तिथे नवी कोवळी कातडी आली होती.

"मला त्या दुकानातच आवडला होतास," ती म्हणाली. "'कृपा करून' म्हणालास तेव्हा." आणि तिनं आपला हात त्याच्या हातात दिला. पुढचा दीड तास तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. डॉक्टर आत्यासमोर स्टुलावर बसले, दोघं त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. खोलीतलं घड्याळ उगाचच मोठ्यानं वाजत होतं. शेवटची कापसाची घडी निघाली. आत्यानं डोळा मिटूनच ठेवला. तिच्या बांगड्या किंचित किणकिणत होत्या. अख्ख्या वॉर्डाला दटावलेली ही बाई घाबरली होती, आणि ते वेलांटीला बघवेना. तिनं मीटरची बोटं घट्ट आवळली.

"हळूहळू उघडा," डॉक्टर म्हणाले. "आज सगळं धुरकट दिसेल, ते चालायचंच." त्यांनी हात वर केला. "सांगा बघू, बोटं किती?"

आत्यानं डोळा उघडला. पाण्यानं भरलेला होता. तिनं डोकं थोडं उजवीकडे वळवलं, थोडं डावीकडे, मान पुढे काढली.

"तुमची दोन," आत्या म्हणाली. "आणि तुमच्या मागे दहा आहेत, पण ती एकमेकांत गुंतलीत डॉक्टर, नीट मोजता येत नाहीत."

मीटरनं गडबडून हात सोडवायला पाहिलं.

"सोडू नकोस रे," आत्या म्हणाली. "मला अजून बघू दे."